हेदू की हळद

पेवांच्या मालकाची खोली पाडली
तेव्हा हे टेबल हरिपूरच्या रस्त्याकडेला उलटं पडलेलं,
चारी पाय आभाळाकडे.
भंगारवाला म्हणाला आठशे.
मी सहाशे दिले, टेम्पोला दोनशे,
म्हणजे आठशेच.

अंगणात ठेवायचं होतं, शेवग्याखाली.
सकाळचा चहा, भाजी निवडणं, इतकंच काम.
पण उन्हापावसात ठेवायचं
तर आधी लाकडाची जात कळायला हवी.
शेजारचे तातोबा सुतार हात फिरवून म्हणाले,
"सागवान. डोळं झाकून सांगतो."
डोळे मोतीबिंदूने झाकलेलेच होते.

मी ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर घेऊन बसले.
आधी काळा थर निघाला, मग शाई,
मग व्हार्निश, त्याखाली कुणाकुणाच्या कोपरांचा घाम,
आणि एकदम पिवळं.
हात पिवळे, पदर पिवळा, नाकाचा शेंडासुद्धा,
जणू एकोणसाठाव्या वर्षी
कुणी मला मांडवात बसवलंय.

मिरजेहून नियामत आला. सतारीच्या दांड्या तासतो तो.
"हेदू दिसतोय. पिवळाच असतो.
कंगव्याला चांगला. बाहेर ठेवाल तर दोन पावसांत बुरशी."
मी म्हटलं, हळद असेल,
यावर पोत्यांचेच हिशेब झालेत जन्मभर.
त्याने पेराने ठोकून कान लावला.
"बोलत नाही. कधीतरी पाणी प्यालंय."
पायांवर पुराची रेघ होतीच,
आमच्या भिंतीवर आहे तसलीच.

तातोबांनी कमरेची चंची सोडली.
नखावर चुना घेऊन
माझ्या तळहातावरच्या भुकटीत कालवला.
"लाल झालं का?"
मी बोलले नाही.
"अगं, झालं का लाल?"
झालं होतं. गर्द.
कितीतरी वर्षांनी हा रंग माझ्या हातावर.
पुसायला फडकं जवळच होतं.

मग नियामतने उलट्या बाजूने ढलप्या काढल्या, नखाएवढ्या,
घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं.
कडेच्या दोन फळ्या साग: छिद्रांच्या ओळी गोल गोल,
वास जुन्या चपलेचा.
मधली मात्र आतपर्यंत पिवळी,
चुना लावला तरी पिवळीच.
परकी फळी, कुणी कधी बसवली कोण जाणे,
एकही खिळा नाही.
म्हणजे तिघंही बरोबर.
तातोबांना हे सांगितलं नाही, चढून बसले असते.

जवसाचं तेल घाण्यावरून आणलं, पहिल्या हाताला निम्मं टर्पेंटाइन.
पिईल तेवढं पिऊ द्यायचं,
पाव तासाने उरलेलं पुसून काढायचं, दयामाया न करता,
नाहीतर चिकटा धरतो, चिकट्यावर धूळ.
दोन दिवस थांबायचं. पुन्हा.
सागाला तीन हात पुरले.
मधली पाच प्याली, तरी कोरडी.

"तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका,"
नियामतने दोनदा बजावलं,
"आपणहून पेटतात."
मी त्या दोरीवर घातल्या, एकेक सुटी,
आणि तिथेच उभी राहिले.
बोळा करून कोपऱ्यात सारलेलं आपणहून पेटतं
हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.
मला ठाऊक नव्हतं असंही नाही.

फळी बदलून देतो म्हणाला, सागाची, साडेचारशेत.
नको म्हटलं.
पाऊस आला की खताच्या पोत्यांची ताडपत्री टाकते,
ती शिवलीय वाकडी, एक पाय भिजतोच.
तातोबा सकाळी येतात, चाचपत मधल्या फळीवर बशी ठेवतात.
मी ती उचलून कडेला ठेवते.
ते पुन्हा मध्ये ठेवतात.